क्षेत्रसंन्यासाआधी एक डोंगर

आमच्या ब्रह्मा घाटावर माझी चौकशी केलीत तर लोक सांगतील, ती भांडकुदळ काकू, यात्रेकरूंना खोल्या देते ती. दोन्ही खरं आहे. पुणे, नागपूर, सोलापूरकडून काशीला येणारी मंडळी माझ्याकडे उतरतात. त्यांना जेवायला घालायचं, त्यांच्यासाठी नाव ठरवायची, गयेला जायची गाडी ठरवायची, आणि नाववाल्याशी, गाडीवाल्याशी, भाजीवाल्याशी घसा बसेपर्यंत भाव करायचा. इतकी वर्षं हे करते आहे की देवळात हात जोडले तरी मनातल्या मनात देवाशी घासाघीस चालू असते. सुरुवात दुसऱ्याच्या गच्चीवरच्या एका खोलीत, एका स्टोव्हवर झाली. आज घर माझं आहे. कोणी दिलं नाही. वैदिकाची बायको पोळ्या विकते, असं तेव्हा ज्या घरांतून बोललं गेलं, त्या घरांचे पाहुणे आता माझ्याकडे उतरतात आणि मी त्यांना एक पैसा सोडत नाही.

वैदिक म्हणजे माझा नवरा. ते वेदपाठशाळेत शिकवतात. विद्यार्थी त्यांना गुरुजी म्हणतात आणि चारचौघांत मीही तसंच म्हणते. स्वभावाने गाय. आयुष्यात त्यांनी कोणाशी भाव केला नाही. दक्षिणा मिळेल ती घेतली, भाजी भाजीवाला सांगेल त्या भावाने आणली, म्हणून भाजी आणणं मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

माझी तक्रार भाजीची नाही. तक्रार ही, की लग्नानंतर आम्ही दोघं कधी कुठे गेलो नाही. माझे वडील रेल्वेत होते. त्यांची बदली बनारसला झाली आणि आम्ही इथलेच होऊन बसलो. लहानपणी सुट्टीत पासवर मुंबईच्या गाडीने आजोळी जायचो. जबलपूर मागे पडलं की डाव्या खिडकीतून सातपुडा दिसायला लागायचा. आधी लांब, मग जवळ, झाडांनी गच्च भरलेला. पिपरियाला गाडी थांबली की काही माणसं पाठीवर पिशव्या बांधून उतरायची आणि पचमढीच्या गाड्यांकडे जायची. आम्ही खिडकीतून बघायचो आणि पुरीभाजी खायचो. वडील म्हणायचे, पुढच्या वेळी उतरू. लग्न झाल्यावर तोच शब्द गुरुजींनी उचलला. आधी सासूबाई होत्या, मग मुलीचं शिक्षण, मग पाठशाळेच्या परीक्षा. माझ्या खोल्याही होत्या, ते मी नाकारत नाही. पण खोल्यांना कुलूप लावता येतं. पुढच्या वेळेला लावता येत नाही.

आणि गेली काही वर्षं ते क्षेत्रसंन्यासाचं बोलायला लागले होते. आमच्याकडे काही म्हातारी माणसं हे व्रत घेतात. एकदा हातावर पाणी सोडलं की पंचक्रोशीची हद्द ओलांडायची नाही, मरेपर्यंत. काशीत मेलं की सुटलो, म्हणून काशी सोडायचीच नाही. घाटावर असे दोन-तीन वृद्ध आहेत. मुलं परदेशातून बोलावतात, हे जात नाहीत. गुरुजी त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, जसं मी माझ्या ग्राहकांत एखाद्या मोठ्या डॉक्टरचं नाव घेताना आणते.

वैशाखात, उन्हाने घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नव्हता तेव्हा, पुण्याहून मुलीने फोटो पाठवले. ती ऑफिसच्या लोकांबरोबर त्याच सातपुड्याच्या जंगलात जाऊन आली होती. पचमढीहून जंगलखात्याचा माणूस बरोबर घेऊन पायी चालायचं, ओढ्याकाठी तंबू ठोकायचे, दुसऱ्या दिवशी पुढे. सालवृक्ष, खडकातून पडणारं पाणी, तंबूच्या दारात पितळी रंगाचं ऊन. मी फोटो मोठे करून करून पाहिले. मग फोन लावला आणि म्हटलं, मला जायचंय.

मुलगी हसली. तिचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीला मिळतं. "आई, तुझ्याकडून नाही होणार गं. बाबा तो बिलकुल नहीं. बाबांना घाट सोडवत नाही, तुला गल्ला."

मला राग येतो तेव्हा मी काही बोलत नाही, असं कधीच होत नाही. त्या दिवशी मी फक्त फोन ठेवला. त्यातच ती घाबरली आणि लागोपाठ मेसेज पाठवत राहिली.

संध्याकाळी गुरुजी संध्या आटोपून वर आले. मी विषय काढला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, फोटोही पाहिले. मग म्हणाले, जंगलात जायला पिपरिया कशाला हवं, रोज सकाळी संकल्पात मी 'आनंदवने' म्हणतोच की. काशीचं जुनं नाव आनंदवन, आणि इथे कुठलंही धार्मिक काम सुरू करताना आपण त्या वनात उभे आहोत असं म्हणावं लागतं.

"त्या तुमच्या वनातलं एक झाड दाखवा," मी म्हटलं.

"झाडं नसतील. माकडं आहेत."

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवर खरंच एक माकड कोणाचा तरी पंचा ओढून नेत होतं. आम्ही दोघंही हसलो, आणि त्या हसण्यात मी सौदा टाकला. सौदा समोरचा हसत असतानाच टाकायचा असतो. मी म्हटलं, तुम्हाला क्षेत्रसंन्यास घ्यायचाय ना? घ्या. माझी हरकत नाही. संकल्पाला तुमच्या हाताला हात लावायला मी बसेन. पण त्याआधी एकदा मला त्या डोंगरावर न्यायचं. पायी चालायचं, तंबूत राहायचं. मग काय ते व्रत.

त्यांनी फोटो परत एकदा पाहिले. मग विचारलं, "शब्द?"

"शब्द," मी म्हटलं.

मला वाटलं, स्वस्तात मिळालं. आता सांगते, माझ्या सगळ्या धंद्यात मी एवढी मोठी चूक दुसरी केली नाही. व्रताचं ते वर्षानुवर्षं नुसतं बोलत होते. कधी घ्यायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं आणि कदाचित ठरवलंही नसतं. माझी संमती लागते, ती मागायचं त्यांना धैर्य नव्हतं. मी ती न मागता दिली. वर तारीखही मीच काढली. पावसाळ्यात ते जंगल बंद असतं, आश्विनात उघडतं. पितृपक्षात माझ्याकडे उभं राहायला जागा नसते. नवरात्र झालं की कोजागरी आणि दिवाळीच्या मधे थोडे दिवस मोकळे मिळतात. तेव्हा डोंगर, आणि कार्तिकी एकादशीला संकल्प. माल हातात येण्याआधी दाम मोजून मोकळी झाले होते मी.

मग तयारी सुरू झाली. मुलीने पचमढीच्या एका माणसाचा नंबर दिला. तो अशा सहली काढतो. त्याच्याशी मी जे बोलले ते सांगितलं तर माझ्याकडे येणारे यात्रेकरू सावध होतील, पण सांगते. खोल्या देणाऱ्याला खोल्या देणाऱ्याच्या सगळ्या युक्त्या माहीत असतात. नदीकडची खोली, असं मी सांगते तेव्हा नदी न्हाणीघराच्या खिडकीतून दिसते. म्हणून त्याने जंगलातला तळ म्हटल्याबरोबर मी विचारलं, जंगलात म्हणजे फाटकाच्या आत की बाहेर? तो घुटमळला. पहिला तळ फाटकाबाहेरच्या एका शेतात निघाला. तो मी आत हलवायला लावला. दोघांचा तंबू म्हणजे दोघंच ना, की अडचण आली तर तिसरा? जेवण करणारा तुमचा, की वाटेतल्या गावातून बोलवायचा? घोड्यावर सामान न्यायचं तर घोड्याचे वेगळे का? त्याने शेवटी विचारलं, मॅडम, तुम्ही याच लाइनमध्ये आहात का? मी म्हटलं, मी काशीची आहे. त्यानंतर तो माझ्याशी सरळ बोलायला लागला.

खरी अडचण गुरुजींची. ते बाहेरचं शिजवलेलं खात नाहीत. उजाडता वाहत्या पाण्यात आंघोळ, मग संध्या, मग काही तोंडात. आणि तिकडचा नियम असा की पूर्ण उजाडल्याशिवाय तंबूतून बाहेर पडायचं नाही, कारण ओढ्यावर अस्वलं पाण्याला येतात. चूल पेटवायची नाही, गॅसच वापरायचा. लाकूडफाटा उचलायचा नाही. मी एकेक गोष्ट घेऊन गुरुजींपुढे बसायची, भांडायच्या तयारीने. आंघोळ उशिरा चालेल का? म्हणाले, चालेल. आजाऱ्याला आणि प्रवाशाला शास्त्रात सवलत आहे. गॅसवरचं चालेल? चालेल, तू केलंस तर. बूट घालावे लागतील, कॅनव्हासचे, चामडं नाही. चालेल. चौकातून बूट आणले, त्यांनी घालून पाहिले, दोन पावलं टाकली, हो म्हणाले, आणि परत खोक्यात ठेवले.

चालण्याची चिंता त्यांची नव्हतीच. ते पंचक्रोशीची प्रदक्षिणा अनवाणी करून आले आहेत, एकदा नव्हे, बऱ्याचदा. चिंता माझी होती. माझे गुडघे जिने चढून चढून झिजले आहेत. मी रोज सकाळी यात्रेकरूंचा चहा झाला की चालायला निघायची. ज्येष्ठात घाटाघाटाने शिंदे घाटापर्यंत आणि परत. श्रावणात गंगा चढली, घाट एकमेकांपासून तुटले, तेव्हा गल्ल्यांतून. पाणी आमच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं तेव्हा घराच्याच जिन्यावर वर-खाली. नाववाले बघून म्हणायचे, काकी पहाड पर जा रही हैं, देखना, पहाड को भी कम करवा के लाएँगी. मी त्यांना उत्तर द्यायचे, पण दमलेल्या आवाजात दिलेलं उत्तर कुणाला लागत नाही.

पितृपक्ष आला आणि गेला. त्या दिवसांबद्दल काही सांगण्यासारखं नाही. पिंडाचा भात, ओली धोतरं, रडणारी आणि भाव करणारी माणसं, कधीकधी एकच माणूस दोन्ही करणारा. दरवर्षी या पंधरवड्यानंतर मला वाटतं की आता आपल्यात काही उरलं नाही. या वर्षी उरलं होतं. डोंगर उरला होता.

नवरात्रात मुलीने तिचा तंबू कुरियरने पाठवला. भाड्याचे तंबू कुबट वास मारतात, म्हणाली. दुपारी जेवणं झाल्यावर मी आणि गुरुजींनी तो गच्चीवर उभा केला. वेदाच्या घनपाठात एक स्वर न चुकणाऱ्या माणसाला त्या दोन लवचीक काठ्या कशा ओवायच्या ते कळेना. मलाही कळेना. मुलीला फोन लावून, माकडांना हाकलत, एकदाचा उभा राहिला. निळा, टिकलीएवढा. आम्ही वाकून आत शिरलो आणि मांडी घालून बसलो. कापडातून ऊन गाळून आत येत होतं. त्यांचा चेहरा निळा दिसत होता, माझाही दिसत असणार. खाली गल्लीत कोणीतरी सिलिंडर आपटत होतं.

त्या सिलिंडरच्या आवाजाने माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. आमच्या घरात नवा सिलिंडर जोडायचा तरी गुरुजी पंचांग बघतात. मुलीला पुण्याला पहिल्यांदा सोडायची होती तेव्हा निघायचा दिवस चांगला नव्हता, म्हणून आदल्या मुहूर्तावर शेजारी प्रस्थान ठेवलं होतं. तांदूळ-सुपारीची पुरचुंडी शेजारणीकडे नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस त्या मुहूर्तावरच निघाला असं धरतात. प्रयागला जाऊन यायचं तरी ते राहुकाळ बघतात. आणि या प्रवासाचं तिकीट काढून किती दिवस झाले होते. त्यांनी एकदाही पंचांग उघडलं नव्हतं. निघायची तारीख कोणती, हेही मला कधी उलट विचारलं नव्हतं. मी म्हणेन त्याला हो म्हणत होते. माझ्याकडे असे ग्राहक येतात. खोली दाखवली, हो. दर सांगितला, हो. जेवण, हो. खालून सामान घेऊन येतो म्हणतात आणि परत येत नाहीत.

"तुम्ही मुहूर्त पाहिला नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी मांडी बदलली.

"येणार नाही आहात तुम्ही."

मी ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, त्यांना ते पेलायची सवय आहे. ते कापडाच्या शिवणीकडे बघत राहिले. मग हळूहळू सांगायला लागले. माझे सासरे जन्मभर काशीत राहिले. याच घाटावर दुसऱ्यांच्या आईबापांच्या अस्थींचे विधी त्यांनी केले. नागपूरला पुतण्याच्या मुंजीला गेले आणि तिथेच हॉस्पिटलात वारले. गुरुजी तेव्हा तरुण होते, तेच आणायला गेले होते. हे मला ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते असं, की येताना गाडीत अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन बसलेले असताना शेजारच्या एका यात्रेकरूने त्यांना विचारलं होतं, तुम्ही पहिल्यांदाच चाललात का काशीला?

"तेव्हापासून," ते म्हणाले, "हद्दीबाहेर गेलो की मला श्वास पुरत नाही. तुला कसं सांगू ते कळत नव्हतं. म्हटलं, तुझी तयारी चालली आहे, तुला आनंद होतोय. होईल तेवढे दिवस होऊ दे."

इतके महिने मी जिने चढले. इतके महिने हा माणूस शेवटच्या दिवशी सांगायचं म्हणून हो हो म्हणत होता, आणि ते दया म्हणून करत होता. मी म्हटलं ते सगळं इथे लिहीत नाही. गच्चीचा फायदा-तोटा असा की आसपासच्या चार घरांनी ते ऐकलं. शेजारणीने खिडकी लावून घेतली, म्हणजे नीट ऐकू यावं म्हणून थोडी उघडी ठेवून.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "एक सांगशील? तिकडे डोंगरात मला काही झालं, तर मला काशीत परत आणशील? जिवंत असताना?"

ही त्यांनी घातलेली पहिली अट. आयुष्यातला त्यांचा पहिला भाव. आणि मला लगेच कळलं की आता ते येतील. फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हणणं हा माझा धंदा आहे. गरम पाणी चोवीस तास? हो. नदी दिसते? हो. गंगाआरतीला पुढची जागा? हो, हो. एक हो, आणि गुरुजी पिपरियाला माझ्याबरोबर उतरले असते.

पण मी हे काम जवळून पाहिलं आहे. माझ्या खोल्यांत उतरलेली माणसं आजारी पडली आहेत, त्यांना मी गल्लीतून खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत नेलं आहे. तिथे तळापासून रस्ता एक दिवस पायी. रस्त्यापासून पिपरिया, पिपरियाहून गाडी, गाडी वेळेवर असली तर. माझ्या डोळ्यापुढून ते सगळं गेलं, आणि खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, तो त्या दुपारी नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "जमेल तेवढं करीन. पण शब्द देता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग मी नाही येत."

"मग माझाही शब्द सुटला. सौदा मोडतो तो दोन्हीकडून मोडतो."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तू हाताला हात लावणार नसशील तर मी संकल्प करणार नाही. परत विचारणारही नाही." आणि वाकून तंबूतून बाहेर पडले.

मी तिकिटं रद्द केली. पचमढीच्या माणसाला फोन करून सांगितलं की यंदा नाही. तो हळहळला. धंदेवाईक हळहळ होती, पण त्या आठवड्यात मला तेवढीच मिळाली. तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला. कोजागरीला दूध आटवलं, त्यांना पेला दिला, बोलले नाही. दिवाळीत अनारसे तळले, बोलले नाही. माझं गप्प राहणं आमच्या घराला सोसत नाही. स्वयंपाकाची बाई दोनदा विचारून गेली की बरं नाही का. गुरुजींनी खरंच पुन्हा विषय काढला नाही. मलूल झाले होते असंही नाही. पाठशाळेत जात होते, शिकवत होते. नाववाले म्हणत, काकी, पहाड महँगा निकला क्या? मी उत्तर देत नव्हते.

भाऊबीज झाल्यावर प्रयागहून निरोप आला. त्यांचे पाठशाळेतले जुने सोबती अंथरुणाला खिळले होते. भेटून यायला हवं होतं. गाडी मी ठरवली आणि मीही बसले. मी का बसले ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं असल्या प्रत्येक कामाला ते एकटे जात आणि मी खोल्या सांभाळत असे. त्यामुळे हद्दीबाहेर ते कसे असतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

पाहिलं ते असं. राजातालाब मागे पडलं, हद्द सुटली, तसा त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. प्रयागला सोबत्याशी ते नीट बोलले, हसलेही, जुन्या गुरुजींच्या छडीची आठवण निघाली. पण पाणी प्यायले नाहीत. सोबत्याच्या सुनेने फळं पुढे केली, ती घेऊन बाजूला ठेवली. परत येताना कपाळावर घाम, कार्तिकात. ड्रायव्हरला दोनदा विचारलं, टायरमध्ये हवा बरोबर आहे ना. मी त्यांच्याकडे बघत होते हे त्यांना कळत नव्हतं. भीमचंडीचा फाटा आला, म्हणजे पंचक्रोशीची वाट, म्हणजे आपली हद्द. ते एकदम ड्रायव्हरला म्हणाले, भइया, कुठे चहा मिळेल का? कधी नव्हे तो बाहेरचा चहा दोन कुल्हड प्यायले, आणि पुढे घरापर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. तोंड उघडं, लहान मुलासारखं नव्हे, दमलेल्या म्हाताऱ्यासारखं.

आम्ही दोघांनी मिळून केलेला हा प्रवास. एवढाच.

घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं, एकादशीचं बघा. एवढंच सांगितलं. मला माफ करायचं नव्हतं, आणि केलंही नाही. अजूनही रात्रीची भांडी आवरताना तो निळा तंबू आठवला की मला त्यांचा राग येतो, दयेपोटी मला महिनोन् महिने नादी लावल्याचा. पण ज्याला दाराची कडी सोडवत नाही, त्याच्याकडून मी डोंगर वसूल करणार होते. वसुलीला काही हद्द असते.

कार्तिकी एकादशीला ब्रह्मा घाटावर पाणी उतरलेलं होतं, पायऱ्यांवरचा गाळ धुऊन झाला होता. संकल्प सांगायला त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता, आता स्वतः मोठा वैदिक. मी शालू नेसून त्यांच्या उजव्या बाजूला बसले. दर्भ, तीळ, अक्षता, सगळं झालं. त्याने पळी उचलली आणि माझ्याकडे बघून सहज विचारलं, "काकू, क्षेत्रसंन्यास दोघांचा सांगायचा ना?"

असं जोडप्याने घेतात बरीच माणसं. त्याला वाटलं असणार, विचारायचंही कारण नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण गुरुजी आधी बोलले.

"माझ्या एकट्याचा. तिला डोंगरावर जायचंय."

विद्यार्थी पळी धरून थांबला. "कुठल्या डोंगरावर, गुरुजी?"

"सातपुड्यात. पिपरियाला उतरून पचमढी, तिथून पुढे पायी. पहिला तळ फाटकाच्या आत आहे, बाहेर नाही. ते हिने बदलून घेतलंय."

म्हणजे ते ऐकत होते. प्रत्येक शब्द ऐकला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उजवा हात त्यांच्या हाताला लावला आणि त्यांनी पाणी सोडलं.

इथली देवदिवाळी, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमा, चार दिवसांवर होती आणि माझ्याकडे सगळ्या खोल्या भरणार होत्या. दुपारी गाद्या उन्हात टाकून झाल्यावर मी गच्चीवर बसले आणि पचमढीला फोन लावला. विचारलं, होळीच्या आधी जंगल उघडं असतं ना? असतं, म्हणाला, तेव्हा पळसही फुललेला असतो. किती माणसं, मॅडम? अंकल येणार ना?

मी म्हटलं, एक माणूस.

त्याने सुस्कारा सोडला आणि एका माणसासाठी तंबू, गाइड आणि घोडा कसे परवडत नाहीत ते सांगायला सुरुवात केली. मी गुडघे चोळत पाय पसरले. हे लांबणार होतं.